पाटील, वय बेचाळीस

रुग्णालयाचे फाईलींचे ॲप सोपे करून देण्याचे काम मी पत्करले, तेव्हा 'पंधरा दिवस पुरेत' असे मी लेखी कळवले होते. कळवताना मी जळगावच्या माझ्या घरी पंख्याखाली बसलो होतो, समोर वांग्याचे भरीत आणि कळण्याची भाकरी होती, आणि भरीत खाताना माणसाला कोणतेही काम पंधरा दिवसांचेच वाटते, एवढे माझ्या बचावाला पुरेसे ठरावे.

जुने ॲप मी पहिल्यांदा पाहिले ते नोंदणीच्या खिडकीत, तिथल्या ताईंच्या मागे उभे राहून. पहिल्याच पानावर तेवीस बटणे होती. त्यांपैकी चारांवर अनुक्रमे 'सेव्ह', 'सबमिट', 'अपडेट' आणि 'ओके' असे लिहिलेले होते आणि या चौघांतले माहिती खरोखर जतन करणारे कोणते, हे फक्त ताईंना ठाऊक होते. त्यांना ते त्यांच्या आधीच्या ताईंनी निवृत्त होताना सांगितले होते. (ते 'अपडेट' होते. बाकीची तिघे नुसती सोबतीला होती.) 'प्रिंट' आणि 'डिलीट' मात्र एकमेकांना खेटून, एकाच आकाराची आणि एकाच निळ्या रंगाची. लक्ष्य जितके लहान आणि जितके दूर, तितका तिथे नेमके पोचायला हाताला वेळ लागतो, हे पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञाने 1954 सालीच मांडून ठेवले आहे. इथे 'डिलीट' इतके हाताशी होते की तिथे पोचायला वेळ म्हणून लागतच नसे. ताईंनी त्यावर स्वतःचा उपाय केला होता. 'डिलीट'वर त्यांनी लाल टिकली चिकटवली होती. टिकली अर्थातच काचेवर होती, त्यामुळे पान जरा वर सरकवले की ती 'रुग्णाचे वय' या रकान्यावर येऊन बसे, आणि नवशिक्या मदतनीस मुलगा कोणाचेही वय भरायला धजत नसे.

'अपडेट'च्या शेजारी फ्लॉपीचे चित्र होते. सोनीने या फ्लॉप्यांची विक्री 2011 मध्ये थांबवली आणि त्यांच्या 1.44 मेगाबाइटांत आजचा एक डिजिटल एक्स-रेही मावणार नाही. हे चित्र कशाचे, असे मी एका तरुण परिचारिकेला विचारले, तेव्हा त्यांनी क्षणाचाही विलंब न लावता 'वॉशिंग मशीन' असे सांगितले. मी ते चित्र ठेवले. त्याच्या जागी दुसरे काय द्यावे ते सुचले नाही, हे खरे कारण.

तळघरात रेकॉर्ड रूम होती आणि तिथे नाना होते. नाना पारोळ्याकडचे, समोर जिल्हाधिकारी असोत की औषधविक्रेता, ते अहिराणीतच बोलत. 'तुमचे हे फाईलींचे सगळे रुमाल आणि गठ्ठे आता जाणार,' असे मी त्यांना उत्साहाने सांगितले. त्यावर ते काही बोलले नाहीत. मला त्यांनी एक क्रमांक सांगायला लावला. मी 41-27-86 असा सांगितला, आणि नाना पहिल्या कपाटाकडे न जाता थेट मागच्या ओळीत, 86च्या कप्प्यापाशी गेले. पुष्कळ मोठ्या रुग्णालयांत ही रीत असते: क्रमांक शेवटून वाचायचा, आधी अखेरचे दोन अंक, मग मधले, मग पहिले. सरळ क्रमाने लावत गेले तर नव्या फाईली सदैव शेवटच्या कपाटात साचतात आणि सगळे कारकून तिथेच एकमेकांच्या पायांवर उभे राहतात. शेवटच्या अंकांवरून लावल्या की शंभर कप्प्यांत भार आपोआप सारखा वाटला जातो. शिवाय प्रत्येक अंकाला वेगळ्या रंगाची पट्टी. हिरव्यांच्या रांगेत एक पिवळी पट्टी घुसली होती. नानांनी दारातूनच ती हेरली आणि जाता जाता काढून बगलेत घेतली. चुकीच्या जागी गेलेली फाईल शोधायला मी त्याच आठवड्यात आठ रकान्यांचे 'प्रगत शोध' नावाचे पान आखले होते. ते मी नानांना दाखवले नाही.

खरी वेळ खाल्ली ती शोधाने. नावाने रुग्ण शोधता यावा, एवढीच ताईंची मागणी होती, आणि ज्याने खानदेश पाहिलेला नाही त्याला ती सोपी वाटेल. पाटील असे लिहून शोधले की अर्धा जिल्हा पडद्यावर येतो. चौधरी लिहिले की येत नाही, कारण नावे इंग्रजी अक्षरांत भरलेली आणि प्रत्येक पाळीच्या कारकुनाचे चौधरी वेगळे: कोणाचे ए-यूचे, कोणाचे ओ-यूचे, कोणाचे शेवटी वाय असलेले. मग मी साउंडेक्स ही जुनी युक्ती वापरली. तिचे पेटंट 1918 सालचे आहे. नावाचे पहिले अक्षर ठेवायचे, पुढच्या व्यंजनांना आकडे द्यायचे, स्वर सोडून द्यायचे, म्हणजे उच्चाराने जवळची नावे एका खुणेखाली येतात. सगळे चौधरी सी-360 या एका छपराखाली गुण्यागोविंदाने नांदू लागले आणि मला दोन तास स्वतःचा फार अभिमान वाटला. तिसऱ्या तासाला ताईंचा फोन आला. पाटलांची खूण पी-340, आणि पटेलांचीही पी-340. आता पाटील शोधले की अर्धा जिल्हा तर येत होताच, वर नंदुरबार-शहाद्याकडचे पटेलही सहकुटुंब येत होते.

त्यातून बायकांची नावे. पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी येते. तिची मागची फाईल माहेरच्या नावाने, आधार सासरच्या नावाने आणि सोबत आलेली आई तिला तिसऱ्याच, लाडक्या नावाने हाक मारते. मी रकाना केला 'आडनाव'. ताईंनी विचारले, 'कोणतं?' या तीन अक्षरी प्रश्नावर माझे पाच दिवस गेले, आणि अखेर मी गाव, वडिलांचे नाव आणि मोबाइल असा शोध दिला, म्हणजे ताई खिडकीत आधीपासून तोंडी जे विचारत होत्या तेच.

नवे रूप प्रत्यक्ष माणसांकडून वापरून पाहावे, असा आमच्या धंद्यात दंडक आहे. पडदे वापरायला सोपे कसे करावेत याचे जाणकार याकोब नीलसन यांनी 2000 साली लिहिले होते की पाच माणसे बसवलीत तरी बहुतेक अडचणी उघड्या पडतात. एरवी असे पाच मिळवायला चहा पाजावा लागतो. पण मे महिना होता, पारा 45च्या घरात होता आणि वातानुकूलन फक्त सर्व्हरच्या खोलीत होते. चाचणी तिथे ठेवताच पाचाऐवजी एकवीस जण आले, त्यांत दोन रुग्णांचे नातेवाईक आणि एक रिक्षावाले दादा होते. सगळ्यांनी ॲपची मनापासून स्तुती केली आणि कोणीही जाईना. अमळनेरहून आलेल्या एका आजोबांनी मात्र खरे काम केले. त्यांच्या आभा कार्डावरचा, म्हणजे सरकारी आरोग्य-ओळखपत्रावरचा, चौदा अंकी क्रमांक ते सलग वाचून दाखवत आणि ताई सातव्या अंकानंतर प्रत्येक वेळी हरवत. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी 1956 मध्ये सांगितलेली तात्पुरत्या स्मृतीची मर्यादा सात, दोन इकडे-तिकडे, अशीच आहे. कार्डावर तो क्रमांक दोन-चार-चार-चार असा तोडून छापलेला असतो. माझ्या रकान्यात तो एकाच दमात होता. मी तो तोडला. आजोबांनी तेवढ्यासाठी चारदा पहिल्यापासून वाचले आणि पाचव्यांदा चष्मा काढून ठेवला.

चाचणीसाठी खऱ्या रुग्णांची माहिती वापरणे बरे नव्हे, म्हणून मी स्वतःचेच नाव, मोबाइल आणि वय भरून एक रुग्ण तयार केला. या पाटलांचे मी फार हाल केले. त्यांना मलेरिया दिला, पाय मोडला, आणि प्रसूती विभागाचे पान तपासायचे म्हणून लागोपाठ तीन बाळंतपणे करवली. शेवटी फाईल बंद होते की नाही हे पाहण्यासाठी 'मृत' ही नोंद केली. मृत रुग्णाच्या फाईलीत पुढे कोणालाही बदल करता येऊ नये, ही व्यवस्थापनाची अट होती आणि ती रास्तच होती, कारण अशा कागदांना कोर्टातही तोंड द्यावे लागते. जुन्या ॲपमध्ये अशा वेळी केवळ 'एरर 417' असे येई. मी दोन दिवस घालवून सभ्य मराठीत लिहिले: 'क्षमस्व. हे रुग्ण आता आपल्यात नसल्यामुळे त्यांची नवी नोंद करता येणार नाही.' चूक मागे घेण्याची सोयही द्यावी काय, असे ताईंनी विचारले होते. नीलसन यांच्या 1994 सालच्या दहा तत्त्वांत चुकून शिरलेल्याला बाहेरचा दरवाजा हवा, असे एक तत्त्व आहे. तो कागद माझ्या भिंतीवर चिकटवलेला आहे. तरीही पडदा मोकळा दिसतो, उगाच एक बटण कशाला, असे मी त्यांना समजावून सांगितले होते.

पंधरा दिवसांचे सत्तर झाले. ॲप सुरू झाल्याच्या तिसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता, डोक्याला रुमाल न बांधता, मी ते कसे चालले आहे हे पाहायला निघालो आणि रुग्णालयाच्या फाटकाशीच मला ऊन लागले. दोघांनी धरून नोंदणीच्या खिडकीशी आणले. ताईंनी माझा मोबाइल क्रमांक टाकला, पडद्याकडे पाहिले, आणि त्यांचा चेहरा पडला. नानाही तिथेच होते. त्यांनी वाकून वाचले.

'भाऊ,' ते म्हणाले, 'तू त आठे मरेल शे.'

नवी नोंद करून पाहिली, तर एका मोबाइलवर तेच नाव दुसऱ्यांदा चढत नव्हते. ती खबरदारीही माझीच. अखेर नानांनी कोरा केस पेपर काढला, बोटाला थुंकी लावून वेगळा केला आणि पेनाने माझे नाव लिहिले.

सलाइन लागले. तासाभराने तरुण डॉक्टर हातात टॅब्लेट घेऊन राउंडला आले. बंद केलेली फाईल बदलता येत नसली, तरी वाचता येत होती. त्यांनी एकदा पडद्याकडे, एकदा माझ्या मिशांकडे पाहिले, आवाज खाली आणला आणि विचारले, 'काका, तिन्ही नॉर्मल का?'