‘गोल-गोल फिरून शंभर मैल?’ म्हणणाऱ्या वाचकाला

नमस्कार. शंभर मैल धावण्याच्या पहिल्या शर्यतीसाठी एकाच वाटेवर चकरा मारायची, कमी चढाची शर्यत निवडा, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमची भलीमोठी प्रतिक्रिया आली: चकरा मारणं म्हणजे ट्रेल, म्हणजे रानवाटेवरचं धावणं, नव्हे, पहिलीच शर्यत अमेरिकेतल्या लीडव्हिलसारखी डोंगरातली हवी, दर चकरेला विश्रांतीचा तंबू दिसला की माणूस बसतो, हेडलॅम्पची जास्तीची बॅटरी ठेवावी वगैरे. आणि मग ते वाक्य: "नागपुरात बसून डोंगरावर ज्ञान पाजळू नका."

भाऊ, मतभेद असू द्या, पण ही भाषा कशाला? मी कुठे धावलो, कुठे आपटलो, हे विचारायची तसदी तरी घ्यायची. ‘बसून’ म्हणे! मे महिन्यात पहाटे चारला इथल्या सेमिनरी हिल्सवर या, कोण बसलंय ते दिसेल. त्या वेळीही तिथे टी-शर्ट पिळून निघतो.

आणि डोंगर पाहिलाय, म्हणूनच तसं लिहिलं. सह्याद्रीतल्या एका लांब शर्यतीत चढ मी निभावले, उतारांनी निकाल लावला. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच अंगाचा भार थोपवत असतो, आणि ती सवय सपाटीवर लागत नाही. शेवटी शेवटी मी कातळावरून पाठमोरा, हात टेकत उतरत होतो. कट-ऑफ, म्हणजे ठरलेली वेळ, हुकली. सेमिनरी हिल्सची टेकडी कितीदाही चढा, तासभर सलग उतार ती देत नाही. हे नागपुरात राहूनच कळतं, बरं का.

आता तुमचं लीडव्हिल. गावच 3,000 मीटरच्या वर, वाटेतली होप पास खिंड सुमारे 3,800 मीटर, तीही जाताना आणि येताना ओलांडायचा. शर्यत संपवायला वेळ 30 तास. आपण राहतो 300 मीटरच्या आसपास. 30 तासांत 161 किलोमीटर म्हणजे किलोमीटरला 11 मिनिटांहून थोडं जास्त, आणि त्यातच खाणं, मोजे बदलणं, ओकणं सगळं आलं. हार्डरॉक या तिथल्याच दुसऱ्या डोंगरी शंभर मैलांच्या शर्यतीला 48 तास देतात म्हणून ती सोपी समजणारेही मला भेटलेत! तिथे नुसता चढच सगळा मिळून 10,000 मीटरचा आहे.

उलट अमेरिकेतल्याच ॲरिझोनातली जॅव्हेलिना ही शर्यत बघा. ऑक्टोबरअखेरचं वाळवंट, साधारण 20-20 मैलांच्या पाच चकरा, वेळ तेवढीच 30 तास, पण दर चकरेनंतर आपली सामानाची पिशवी हाताशी. लोक मानेला बर्फाचा रुमाल बांधून धावतात. उन्हात ओला दुपट्टा गुंडाळणं आपल्याला कोणी शिकवायचं? ज्या जमिनीवर आणि ज्या हवेत सराव होतो, तिच्याशी मिळतीजुळती शर्यत आधी, एवढाच माझा मुद्दा होता. तो तुम्ही वाचलेला दिसत नाही.

बॅटरीची सूचना चांगली आहे, मान्य. तंबूच्या मोहाचं काय घेऊन बसलात, बसणारा डोंगरातही बसतो. बाकीच्या मुद्द्यांवर वेळ घालवत नाही.

पहिलीच लीडव्हिल करायची असेल तर जरूर करा. आधी प्रवेशाच्या लॉटरीत नंबर तर लागू द्या. आणि पुढची प्रतिक्रिया ‘एक धावपटू’ या नावामागून नको, स्वतःच्या नावानं लिहा. मी माझ्याच नावानं लिहितो.