वाफ ट्रकमध्ये भरता येत नाही

सध्या एक मजकूर सगळीकडे फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: चक्रीय अर्थव्यवस्था (वस्तू आणि माल टाकून न देता पुन्हा पुन्हा वापरात ठेवणं) म्हणजे फक्त रिसायकलिंग, ते लांबच्या मोठ्या कारखान्यांनी करावं, आसपासच्या उद्योगांनी एकमेकांचं उरलेलं वापरत एकमेकांना धरून राहणं हा भाबडेपणा, लहान गावांना तर हे झेपतच नाही, आणि एकाने अंग काढून घेतलं की डोलारा कोसळतो. शेवटचं विधान अर्धं खरं आहे. बाकीची मला साफ चुकीची वाटतात.

‘चक्रीय म्हणजे रिसायकलिंग.’ वितळवणं, दळणं हा शेवटचा उपाय. त्याआधी दुरुस्ती आहे, दुसऱ्याने वापरणं आहे. बिघडलेली वस्तू आपण सहसा जवळच दुरुस्तीला टाकतो, त्यामुळे तिची मजुरीही जवळच राहते.

‘सहकार्य भाबडं असतं.’ डेन्मार्कमधलं कालुनबोर्ग बघा. भूजलावरचा ताण टाळायला १९६१ मध्ये तिथल्या तेलशुद्धीकरण कारखान्यासाठी टिस्सो तलावाचं पाणी पाइपने आणलं. पुढे एकेक धागा जुळत गेला. तिथल्या कोळशावर चालणाऱ्या आस्नेस वीजकेंद्राची वाफ शेजारच्या कारखान्यांना जाऊ लागली. कोळशाच्या धुरातला गंधक काढायला त्यावर चुन्याचं पाणी मारलं की जिप्सम तयार होतं. ते खाणीतल्या जिप्समऐवजी भिंतींचे बोर्ड बनवणाऱ्या कारखान्याने घेतलं. हे कुणी उपकार म्हणून केलं नाही. दोघादोघांत व्यापारी करार झाले आणि दोघांनाही ते परवडले. हे जमलं ते अंतर कमी होतं म्हणून. वाफ शेकडो किलोमीटर नेली, तर वाटेतच तिचं पाणी होईल.

‘लहान गावांना झेपत नाही.’ जपानमधल्या कामिकात्सुत दीड हजारांहूनही कमी माणसं आहेत. ती आपला कचरा स्वतः केंद्रावर आणून चाळीसहून अधिक प्रकारांत वेगळा करतात, आणि त्यातला सुमारे ८० टक्के पुन्हा उपयोगात येतो.

‘एक गेला की सगळं गेलं.’ ही भीती मी झटकणार नाही. आस्नेसने कोळसा सोडून लाकडाचे तुकडे जाळायला घेतले. कोळसा गेला की त्याच्या धुरातलं जिप्समही गेलं, आणि हवेसाठी ते चांगलंच झालं. वाफ मात्र कारखान्यांना मिळतेच आहे, कारण सगळा भार एकाच धाग्यावर नव्हता. असा करार करणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी विचारून घ्यावं: तुमचा माल थांबला तर मला किती महिने आधी कळेल, आणि तोवर मी तो कुठून आणू?