सिस्टर, तुमचं नाव कुठल्या यादीत आहे?

आज १२ मे. सकाळपासून व्हॉट्सॲपवर नर्सेस डेच्या शुभेच्छा येताहेत. ज्यांनी आठवणीने पाठवल्या त्या सगळ्यांचे मनापासून आभार. पण बरेच दिवस पोटात ठेवलेलं काही आज लिहून टाकते.

मी जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केलेली नर्स. पहिली सात वर्षं वॉर्डात काढली, मग मुलगी झाल्यावर फिरत्या ड्युट्या जमेनात म्हणून ब्युरोमार्फत, म्हणजे घरोघरी नर्स पाठवणाऱ्या एजन्सीमार्फत, घरच्या केसेस घ्यायला लागले. पॅरालिसिसचे पेशंट, खुब्याचं हाड मोडलेल्या आजी, कॅन्सरचे शेवटचे दिवस. राइल्स ट्यूबने (नाकातून पोटात जाणाऱ्या नळीने) फीडिंग, कॅथेटर, बेडसोरचं ड्रेसिंग. हे काम मला आवडतं. पेशंट आपल्या घरात, आपल्या पलंगावर असतो, त्याचा फरक पडतो.

मग कोरोना आला. २०२० च्या एप्रिलमध्ये घरच्या विलगीकरणाची नियमावली आली, त्यात लिहिलेलं होतं की पेशंटजवळ चोवीस तास काळजी घेणारं माणूस हवं. ज्या घरात नवराबायको दोघंही पॉझिटिव्ह आणि मुलं परदेशात, त्या घरात हे माणूस कुठून येणार होतं? तिथे आम्ही गेलो.

२०२१ च्या एप्रिलमधली एक रात्र सांगते. कोथरूडमधला फ्लॅट, तिसरा मजला. वॉचमनने लिफ्टला हात लावू दिला नाही, जिन्याने वर गेले. काका एकाहत्तर वर्षांचे, ऑक्सिजन ९१. दोन दिवस सगळ्यांनी फोन करकरून बेड मिळाला नव्हता. काकू पलीकडच्या खोलीत, त्याही पॉझिटिव्ह. भाड्याने आणलेला पाच लिटरचा कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन काढून देणारं विजेवरचं मशीन, आणि ओळखीतून मिळवलेला एक छोटा सिलिंडर. रात्री पावणेतीनला लाइट गेली. मशीनने कर्कश बीप दिला आणि बंद पडलं. बाटलीतल्या पाण्याची बुडबुड थांबली की खोली किती शांत होते ते त्या दिवशी कळलं.

मोबाइलच्या उजेडात चावीने सिलिंडर उघडला, नळी बदलली, श्वास सोपा जावा म्हणून काकांना पालथं केलं. भरलेल्या छोट्या सिलिंडरमध्ये साधारण दीड हजार लिटर असतो. मिनिटाला पाच लिटर धरला तर पाच तास. पण काटा अर्ध्यावर होता, म्हणजे अडीच तास. मी घड्याळ बघत बसले. काकांनी माझं मनगट धरलं होतं, ग्लोव्हवरून. मुलगा व्हिडिओ कॉलवर होता, तो एकच विचारत होता, “सिस्टर, आता किती आहे?” वॉर्डात हाक मारली की कुणीतरी धावत येतं, निदान दुसरी सिस्टर तरी असते. इथे हाक मारायची कुणाला? चारच्या सुमारास लाइट आली. नवव्या दिवशी काका हॉलमध्ये सहा मिनिटं चालले आणि चालूनही आकडा ९५ च्या खाली आला नाही. काकूंनी दाराआडून हात जोडले.

सगळ्या केसेस अशा झाल्या नाहीत. त्याच महिन्यात दुसऱ्या एका घरी एका मुलाने कुठून तरी रेमडेसिव्हिर या कोविडवरच्या इंजेक्शनच्या सहा व्हायल (बाटल्या) आणल्या होत्या. म्हणाला, “सिस्टर, घरीच द्या, म्हणाल तेवढे पैसे देतो.” ते इंजेक्शन फक्त हॉस्पिटलमध्येच द्यायचं असा स्पष्ट नियम होता, आणि घरी रिॲक्शन आली असती तर माझ्या हातात काहीच नव्हतं. मी नाही म्हणाले. तो माझ्यासमोर जमिनीवर बसून रडला. दुसऱ्या दिवशी माझी ड्युटी बंद झाली आणि ब्युरोवाल्यांनी वर मलाच विचारलं, केस का घालवलीस? त्या पेशंटचं पुढे काय झालं ते मला कुणी कळवलं नाही. मी बरोबर केलं याची मला आजही खात्री आहे. त्या मुलाचा चेहराही तितकाच आठवतो.

आता पोटातलं सांगते. आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी सरकारने ५० लाखांचा विमा काढला. तो सरकारी दवाखान्यांतल्या लोकांसाठी आणि कोविडच्या कामाला घेतलेल्या खासगी लोकांसाठी होता. आम्हाला तर कुणी कामाला घेतलंच नव्हतं, आम्ही कुणाच्या तरी घरी गेलो होतो. १६ जानेवारी २०२१ ला लस सुरू झाली तेव्हा नावं हॉस्पिटलांकडून गेली. माझं नाव पाठवणारं कुणी नव्हतं. मला लस मिळाली ती १ एप्रिलला ४५ च्या वरच्यांसाठी सुरू झाली तेव्हा. वयामुळे मिळाली, नर्स म्हणून नाही. आमच्यातली एक जण पेशंटकडून आजारी पडली, तीन आठवडे घरी होती. ड्युटी नाही तर पैसे नाहीत, इतकंच तिला सांगितलं गेलं.

आणि आमच्याकडची बाजूही सांगायला हवी. ब्युरोत आम्ही पंचवीस जणी होतो, नर्सिंग कौन्सिलचा नंबर असलेल्या फक्त चौघी. बाकीच्या मावश्या बघून बघून शिकलेल्या. त्या जीव लावून करतात, माझ्यापेक्षा जास्त करतात. पण घरचे लोक आम्हा सगळ्यांनाच सिस्टर म्हणतात आणि सगळ्यांकडून सारखीच अपेक्षा ठेवतात. ऑक्सिजन किती वाढवायचा, स्टेरॉइड चालू असताना शुगर कधी बघायची, हे त्या मावशीला कुणी शिकवलं होतं? नोंद नसली की प्रशिक्षण नाही, आणि त्याची किंमत पेशंट मोजतो.

हडपसरला केस असली की मुंढव्यावरून जाते. याच मुंढव्यातून सावित्रीबाईंनी प्लेग झालेल्या मुलाला पाठीवर घेऊन त्यांच्या डॉक्टर मुलाच्या, यशवंतरावांच्या दवाखान्यात नेलं, आणि १० मार्च १८९७ ला त्याच प्लेगने त्या गेल्या. त्या कुणी बोलावण्याची वाट बघत बसल्या नव्हत्या. त्या रस्त्यावरून जाताना दर वेळी मनात येतं, इतक्या वर्षांनीही दारोदार जाणाऱ्या बाईची नोंद ठेवायची कुणाला सुचू नये?

मागणी फार मोठी नाही. प्रत्येक वॉर्ड ऑफिसात घरी जाऊन ड्युटी करणाऱ्यांची यादी असावी, शिकलेल्यांची वेगळी, मावश्यांची वेगळी. साथ आली की त्या यादीप्रमाणे लस, किट, विमा आणि दोन दिवसांचं प्रशिक्षण. ब्युरोंनाही नोंदणी सक्तीची करा.

मी वहीत नावं लिहायला घेतली आहेत. नाव, शिक्षण, कुठल्या भागात ड्युटी, किती वर्षं. कालपर्यंत एकतीस झाली. पुणे-पिंपरीत तुमच्या घरी, शेजारी, नात्यात कुणी सिस्टर किंवा मावशी येत असेल तर तिला ही पोस्ट वाचून दाखवा आणि मला मेसेज करायला सांगा. रात्री नऊनंतर केलात तर बरं, दिवसा ड्युटीवर असते.