विषाणू मारायचाय? आधी पानं आणा

पावसाळा लागला, घोडबंदर रोडवरच्या तुमच्या सोसायटीत दोघांना डेंग्यू निघाला. आता डॉक्टरवर विसंबून कसं चालेल? औषध तुम्हीच शोधा.

आधी शोधनिबंध गाठा. ‘हळदीतल्या कर्क्युमिनने विषाणू रोखला’ एवढं शीर्षक वाचलं की पुरे. रोखला तो काचेच्या ताटलीतल्या पेशींत, ही क्षुल्लक बाब. पुढे दोन रकाने दिसतील: किती मात्रेत विषाणू निम्मा झाला आणि किती मात्रेत पेशीच निम्म्या मेल्या. दुसरा रकाना हाताने झाका. दोन्ही आकडे जवळ आले, तर ढेकूण मारायला घर पेटवल्यासारखं होतं. पण ढेकूण मेला ना!

मग हळद. तिच्यात कर्क्युमिन साधारण 3 टक्के, म्हणजे समजा 8 ग्रॅम हवं, तर पाव किलोहून जास्त हळद फाका. एवढं करून रक्तात उतरतं ते नावापुरतं. म्हणून वर मिरपूड घाला. मिरीतल्या पिपेरिनने शोषण वाढतं. आजोबा फिटसाठी फेनिटॉइन घेत असतील तर त्याचंही वाढतं, तो बोनस समजा.

वाशीच्या मसाला मार्केटमधून चक्रफूल आणायला विसरू नका. फ्लूवरचं ओसेल्टामिवीर त्यातल्या शिकिमिक आम्लापासून करतात, हे अगदी खरं. मधे कारखान्यातल्या बऱ्याच रासायनिक पायऱ्या आहेत आणि नुसतं शिकिमिक आम्ल फ्लूला हात लावत नाही. पण बिर्याणी झकास होईल.

मुख्य उपचार अर्थात पपईच्या पानांचा रस. देठ-शिरा काढा, पानं वाटा, फडक्यातून पिळा, नाक दाबून पाजा. कडू जहर असतो, उलटी होणारच. सततची उलटी ही डेंग्यूत धोक्याची खूण. आता ती रसाची की आजाराची, हे डॉक्टरांना ओळखू दे.

चौथ्या-पाचव्या दिवशी ताप उतरला की पेढे वाटा. नेमक्या याच 24 ते 48 तासांत रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरतो आणि रुग्ण रक्तदाब कोसळून शॉकमध्ये जाऊ शकतो. पोटात दुखलं, हिरड्यांतून रक्त आलं, लघवी कमी झाली, हातपाय गार पडले तर ‘रस बाधला’ म्हणा. अंग दुखतंय म्हणून आयबुप्रोफेनही द्या. डॉक्टर फक्त पॅरासिटामॉल सांगतात, त्यांना काय कळतं!

यातून निभावलात तर सहाव्या-सातव्या दिवसानंतर प्लेटलेट्स चढू लागतात, रस न पिणाऱ्यांच्याही. रिपोर्टात हिमॅटोक्रिटचीही, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींच्या प्रमाणाची, एक ओळ असते. द्रव किती पाझरला ते तिच्यावरून कळतं. ती कापा, आणि फक्त प्लेटलेट्सचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाका.