गणतीत न आलेली जखम

आमच्या शेजारी राहणारे निवृत्त हवालदार काका सोबत चालताना आपल्याला नेहमी त्यांच्या डाव्या हाताला घेतात. वळण आले किंवा रस्ता ओलांडला, की ते काही न बोलता मागून फेरा घेतात आणि पुन्हा तीच बाजू साधतात. पुष्कळ दिवस मला ती त्यांची लकब वाटत होती. नंतर कळले, की त्यांना उजव्या कानाने जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. १९९९ च्या उन्हाळ्यात ते कारगिलमध्ये बोफोर्स तोफेवर होते. त्या युद्धात आपल्या बाजूने सुमारे २,५०,००० तोफगोळे, बॉम्ब आणि रॉकेट डागले गेले, हे आपण अभिमानाने सांगतो. पण त्यातला प्रत्येक तोफगोळा सुटताना त्या तोफेभोवती माणसे उभी होती आणि तो आवाज त्यांच्या कानांतून गेला होता, हे काकांच्या सोबत चालू लागेपर्यंत माझ्या कधी ध्यानात आले नव्हते.

कारगिलमध्ये आपले ५२७ जवान हुतात्मा झाले आणि हा आकडा शाळकरी मुलांनाही पाठ असतो. त्याच युद्धात १,३०० हून अधिक जवान जखमी झाले, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. काका या दोन्ही आकड्यांत नाहीत. त्यांना गोळी लागली नाही, स्ट्रेचरवरून कुणी आणले नाही. ते युद्ध संपले तेव्हा उजव्या कानात एक बारीक शिटी वाजू लागली होती आणि ती अजून थांबलेली नाही, एवढेच घडले. माजी सैनिकांचा सन्मान का करायचा, असा प्रश्न निघाला की मला पराक्रमाच्या कथांआधी ती शिटी आठवते.

काकांनी त्या वेळी डॉक्टरांकडे तक्रार का केली नाही, असे मी त्यांना एकदा विचारले होते. सैन्यात जवानाच्या प्रकृतीची प्रतवारी ‘शेप’ या पाच इंग्रजी अक्षरांत मोजतात आणि त्यातले दुसरे अक्षर कानांसाठीच असते. ‘शेप वन’ म्हणजे सर्व बाबतींत धडधाकट. कानाची नोंद झाली असती, तर त्यांची कॅटेगरी उतरली असती, कदाचित बढती अडली असती. पण त्यांनी सांगितलेले कारण वेगळे होते. कॅटेगरी उतरलेल्या जवानाला तोफेवरून हलवतात आणि त्याची जागा त्याच तुकडीतल्या दुसऱ्या कुणाला तरी भरून काढावी लागते. “माणसे आधीच कमी होती,” ते म्हणाले. त्यांनी उरलेली सगळी नोकरी एका कानावर काढली आणि निवृत्त होताना त्यांच्या कागदांवर ‘शेप वन’ असाच शेरा होता.

हा शेराच आता त्यांच्या वाटेत उभा आहे. आपल्याकडे डिसॅबिलिटी पेन्शन मिळण्यासाठी ती व्याधी सैनिकी सेवेमुळे उद्भवली किंवा सेवेमुळे बळावली, असे ठरावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली एका माजी सैनिकाच्या प्रकरणात स्पष्ट सांगितले आहे, की भरतीच्या वेळी ज्या आजाराची नोंद नव्हती आणि ज्यामुळे नंतर जवानाला सेवेतून बाहेर पडावे लागले, तो आजार सेवेमुळे झाला असे सर्वसाधारणपणे गृहीत धरावे आणि तसे सिद्ध करण्याचा भार जवानावर टाकू नये. तो निर्णय ज्यांना आजारामुळेच सेवा सोडावी लागली त्यांच्यासाठी मोठा आधार ठरला. काका मात्र कागदोपत्री धडधाकट निवृत्त झालेले आहेत. संबंधित कार्यालयाने त्यांचा अर्ज एका ओळीत नामंजूर केला: सेवाकाळात नोंद आढळत नाही. ज्या कर्तव्यबुद्धीने त्यांनी नोंद होऊ दिली नाही, तीच आज त्यांच्या विरोधात पुरावा म्हणून उभी राहते, हे मला सहन होत नाही, आणि ही पोस्ट लिहायला बसण्याचे खरे कारणही तेच आहे.

‘सैनिकांना पगार मिळतो, पेन्शन मिळते, शिवाय ते स्वेच्छेनेच भरती होतात, मग वेगळी कृतज्ञता कशासाठी?’ असे म्हणणारी माणसे मला भेटतात आणि ती वाईट नसतात. त्यांना मी भरतीच्या शपथेकडे पाहायला सांगते. जमिनीवरून, समुद्रातून किंवा हवाई मार्गाने जिथे पाठवले जाईल तिथे मी जाईन आणि जिवाला धोका असला तरी आज्ञा पाळीन, असे जवान शपथेवर सांगतो. जोखमीची कामे इतरही आहेत, परंतु त्यातला माणूस जीव धोक्यात आला की काम टाकून मागे फिरू शकतो, राजीनामा देऊ शकतो, न्यायालयात जाऊ शकतो. जवानाने मात्र पाय मागे घेतला, तर तो गुन्हा ठरतो. आपला जीव कधी आणि कशासाठी पणाला लावायचा, हा निर्णय त्याने अठराव्या-एकोणिसाव्या वर्षीच दुसऱ्यांच्या हाती सोपवलेला असतो. पगार मिळतो तो त्याच्या कामाचा. त्या सोपवण्याची किंमत कोणत्याही वेतनश्रेणीत बसत नाही.

शिवाय संविधानाच्या ३३ व्या कलमाने सैनिकांच्या मूलभूत हक्कांवर मर्यादा घालण्याचा अधिकार संसदेला दिला आहे. शिस्तीसाठी ते आवश्यकच आहे. त्यामुळे जवानाला संघटना बांधता येत नाही, संप करता येत नाही, आपली गाऱ्हाणी वर्तमानपत्रांपुढे मांडता येत नाहीत. पंधरा-वीस वर्षे जो माणूस न मागण्याच्या शिस्तीत वाढला, तो निवृत्तीनंतर एकाएकी खिडकीपुढे उभा राहून हक्काने मागू लागेल, ही अपेक्षाच चुकीची आहे. काका आजही अर्जाच्या शेवटी ‘कृपया तसदीबद्दल क्षमस्व’ असे लिहितात. म्हणून अशा माणसांच्या वतीने बोलणे हे मी इतर नागरिकांचे काम मानते.

युद्ध झालेच नाही, तर काय, असेही कुणी विचारते. सियाचीनवर एप्रिल १९८४ पासून आपले जवान तैनात आहेत. तिथे शत्रूच्या गोळीपेक्षा हिमस्खलन, गोठवणारी थंडी आणि विरळ हवा यांनीच अधिक बळी घेतले आहेत आणि २००३ च्या शस्त्रसंधीनंतर तोफा शांत झाल्या तरी तो बर्फ शांत झाला नाही. तिथून बोटे गमावून आलेल्या जवानाने एकही गोळी झाडली नसेल. तो तिथे उभा राहिला म्हणूनच गोळी झाडण्याची वेळ आली नाही, असेही त्याच्याबद्दल म्हणता येईल.

निवृत्तीच्या वयाचा विचारही आपण क्वचित करतो. सैन्य तरुण राहावे म्हणून बहुतेक जवानांना पस्तिशी-चाळिशीतच गणवेश उतरवावा लागतो. २०२२ च्या अग्निपथ योजनेनंतर तर अनेक जण पंचविशीच्या आतच बाहेर पडतील. मुले शाळेत, आई-वडील थकलेले, आणि हातात एक काळी ट्रंक, जिच्यावर पांढऱ्या रंगाने नाव आणि नंबर लिहिलेला असतो. नेमक्या याच वळणावर आपण त्याला कोणते काम देऊ करतो? बहुधा फाटकावरच्या पहाऱ्याचे. त्या कामात कमीपणा मुळीच नाही, पण ज्याने दहा माणसांची तुकडी सांभाळली, लाखमोलाच्या यंत्रांची देखभाल केली, नकाशावरून अंतरे काढून अचूक मारा केला, त्याच्यात आपल्याला फक्त पहारेकरी दिसावा, ही नजरेची उणीव आहे.

अमेरिकेत पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना १९२४ मध्ये बोनस मंजूर झाला, पण त्याची रक्कम १९४५ मध्ये मिळणार होती. महामंदीत घरदार गमावलेले हजारो माजी सैनिक ती लवकर मिळावी म्हणून १९३२ मध्ये वॉशिंग्टनला जमले, तेव्हा सरकारने त्यांच्यावर लष्करच घातले आणि त्यांच्या झोपड्या जाळल्या गेल्या. त्याच देशाने बारा वर्षांनी, १९४४ मध्ये, परतणाऱ्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च उचलणारा कायदा केला आणि सुमारे ७८ लाख माजी सैनिकांनी त्याखाली शिक्षण किंवा प्रशिक्षण घेतले. सैनिक तसेच होते. त्यांच्याकडे पाहण्याची समाजाची रीत बदलली होती.

आपल्याकडेही दाखवण्यासारखे पुष्कळ आहे. पुण्याजवळ खडकीला जायबंदी सैनिकांना हुन्नर शिकवणारी, १९१७ मध्ये मुंबईत सुरू झालेली संस्था आहे, पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ चे, आणि मणक्याला इजा झालेल्या जवानांसाठीचे खडकीचे पुनर्वसन केंद्र १९७४ चे. सांगलीच्या मुरलीकांत पेटकरांना १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि कमरेखालचे शरीर निकामी झाले. १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी ५० मीटर पोहण्याच्या शर्यतीत सुवर्णपदक जिंकले, भारताचे पहिले वैयक्तिक पॅरालिम्पिक सुवर्ण. त्यांना पद्मश्री मिळाली २०१८ साली. मधली शेहेचाळीस वर्षे किती जणांना त्यांचे नाव ठाऊक होते, हे प्रत्येकाने आपल्या मनाशी पडताळून पाहावे.

ज्या जखमा दिसतच नाहीत, त्यांना ओळख मिळायला तर याहून अधिक काळ गेला. पहिल्या महायुद्धात तोफमाऱ्याने मन कोलमडलेल्यांपैकी काहींना पळपुटे ठरवून गोळ्या घालण्यात आल्या. पळून जाणे आणि भेकडपणा अशा आरोपांखाली मारल्या गेलेल्या ब्रिटिश साम्राज्याच्या ३०६ सैनिकांना माफी मिळाली ती २००६ मध्ये. मानसिक आघाताच्या या आजाराला वैद्यकशास्त्राच्या अधिकृत यादीत स्वतंत्र नाव १९८० मध्ये मिळाले. काकू सांगतात, की लग्नसराईत फटाके वाजू लागले की काका उठून आतल्या खोलीत जातात आणि दार न लावता भिंतीला पाठ टेकून बसतात. ऐकू तर एकाच कानाने येते. ते बाहेर येईपर्यंत काकू दारातच बसून राहतात आणि त्या दोघांमध्ये याविषयी कधी एक शब्दही होत नाही.

गेल्या महिन्यात मी काकांबरोबर कानाच्या तपासणीला गेले होते. तपासणारी मुलगी काचेच्या खोलीत हेडफोन लावून बसवते, एकेक आवाज सोडते आणि तो ऐकू आला की बटण दाबायला सांगते. डाव्या कानाच्या वेळी ते भराभर बटण दाबत होते. मग उजव्या कानाची पाळी आली. ते ताठ बसून होते, अंगठा बटणावर, नजर समोर, आणि पाच-सहा मिनिटे त्यांचा अंगठा हलला नाही. बाहेर आल्यावर त्यांनी मला विचारले, “तिने आवाज सोडले होते ना?”

तो अहवाल आता अपिलाला जोडला आहे. पुढच्या सोमवारी सुनावणी आहे आणि काका एकटेच जाणार होते, कारण कुणाला तसदी नको. त्यांना मी येते म्हणून सांगितले आहे; मी त्यांच्या उजव्या हाताला बसणार आहे आणि त्या बाजूने जे काही बोलले जाईल ते त्यांच्यासाठी लिहून घेणार आहे.