‘सात मिनिटांत कॅन्सर बरा’: यातली सात मिनिटं तेवढी खरी

गेल्या दोन-अडीच वर्षांत हा मजकूर माझ्याकडे निदान पाच-सहा वेळा आला. शब्द थोडे बदलतात, गाभा तोच: “किमो विसरा! इंग्लंडमध्ये नवं इंजेक्शन आलंय. फक्त ७ मिनिटांत कॅन्सर बरा. कोणत्याही अवयवाचा, कोणत्याही स्टेजचा. साइड इफेक्ट शून्य, कारण हे औषध शरीराची इम्युनिटीच वाढवतं. बनवायला नगण्य खर्च, विकतात मात्र सोन्याच्या भावाने. डॉक्टर हे सांगणार नाहीत. पुढे पाठवा.”

शेवटच्या वेळी पाठवणाऱ्या बाईंच्या घरात नुकतंच निदान झालं होतं. त्यांना ‘अफवा आहे’ एवढंच कळवून गप्प बसणं मला जमलं नाही. शिवाय हे सगळंच खोटं नाही, आणि खरी गोम तिथेच आहे. म्हणून एकेक वाक्य घेऊ.

“फक्त ७ मिनिटांत बरा.”

सात हा आकडा खरा आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये ब्रिटनच्या औषध नियामकाने ॲटेझोलिझुमॅब (ब्रँडचं नाव टिसेन्ट्रिक) हे औषध कातडीखाली टोचायला परवानगी दिली, आणि इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने ती बातमी मोठ्या कौतुकाने जाहीर केली. तोवर हे औषध शिरेतून, सलाईनसारखं, अर्ध्या ते एक तासात चढवलं जायचं. आता नर्स ते मांडीत कातडीखाली हळूहळू टोचते. १५ मिलिलिटर जायला साधारण सात मिनिटं लागतात. एवढीच ती सात मिनिटं. मथळ्यातून ‘टोचायला’ हा शब्द गळाला आणि त्याच्या जागी ‘बरा’ येऊन बसला.

औषध जुनंच आहे. नवीन आहे ते सोबत घातलेलं हायलुरोनिडेज नावाचं एन्झाइम. कातडीखाली हायलुरोनिक ॲसिडचं जाळं असतं. हे एन्झाइम ते तात्पुरतं सैल करतं, म्हणून एवढं द्रव तिथे मावतं आणि पुढे रक्तात जातं. दिवस-दोन दिवसांत जाळं पुन्हा पहिल्यासारखं होतं.

ज्या चाचणीवर या इंजेक्शनला परवानगी मिळाली, तिचा प्रश्नही साधा होता: मांडीत टोचलं तर रक्तातली औषधाची पातळी शिरेतून दिल्याइतकी राहते का? राहते. त्या चाचणीत फुप्फुसाच्या कॅन्सरचे, किमो घेऊनही आजार वाढलेले रुग्ण होते. त्यांच्यातल्या साधारण दहात एकाची गाठ नोंद घेण्याइतकी लहान झाली. टोचलेल्यांतही तेवढंच आणि सलाईनवाल्यांतही तेवढंच. ‘नोंद घेण्याइतकी’ म्हणजे मापात किमान ३० टक्के घट. हा आकडा वाचून खचू नका. काहींची गाठ लहान होत नाही पण वाढायची थांबते, आणि ज्यांना हे औषध लागू पडतं त्यांना ते बऱ्याचदा दीर्घकाळ लागू पडतं. पण डोस दर तीन आठवड्यांनी असतो आणि तो महिनोन् महिने चालतो. ‘एक इंजेक्शन’ हे कुठून आलं कोण जाणे.

“कोणत्याही अवयवाचा, कोणत्याही स्टेजचा.”

याचं उत्तर या औषधाच्या स्वतःच्या इतिहासातच आहे. अमेरिकेत ॲटेझोलिझुमॅबला पहिली मंजुरी मे २०१६ मध्ये मिळाली, मूत्राशयाच्या कॅन्सरसाठी. ती गाठी लहान होताना दिसल्या म्हणून दिलेली, झटपट वाटेची मंजुरी होती. आयुष्य खरंच वाढतं का, हे नंतरच्या मोठ्या चाचणीत सिद्ध करायचं होतं. ते झालं नाही. मार्च २०२१ मध्ये कंपनीने तो वापर मागे घेतला. ऑगस्ट २०२१ मध्ये एका प्रकारच्या स्तनाच्या कॅन्सरसाठीचा वापरही मागे घेतला, आणि २०२२ च्या अखेरीस मूत्राशयासाठी उरलेली मंजुरीही सोडून दिली. ज्या आजारावर पहिलं पाऊल टाकलं, त्यातूनच हे औषध तिथे बाहेर पडलं. सर्व कॅन्सरांवर चालणाऱ्या औषधाचं असं होत नाही.

मग ते चालतं कुठे? यकृताच्या कॅन्सरमध्ये बेव्हासिझुमॅब या दुसऱ्या औषधाच्या जोडीने दिल्यावर मध्यक आयुष्य (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगतात तो काळ) १९.२ महिने भरलं. आधीच्या गोळीवर, सोराफेनिबवर, ते १३.४ होतं. फुप्फुसाच्या कॅन्सरच्या एका प्रकारात किमो होऊन गेलेल्या रुग्णांना ते दिलं तेव्हा १३.८ महिने, डोसेटॅक्सेल या किमोवर ९.६. हे आकडे घरच्यांसाठी छोटे नाहीत, पण त्यांना ‘बरा’ म्हणता येत नाही. याच फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये ज्यांच्या गाठीत ईजीएफआर किंवा एएलके या जनुकांत बदल असतो, त्यांना अशा औषधांचा फायदा फार कमी होतो. त्यांच्यासाठी वेगळ्या गोळ्या आहेत. घाईने आधी इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीकरवी काम करणारी ॲटेझोलिझुमॅबसारखी औषधं) दिली आणि मागाहून ओसिमर्टिनिबसारखी गोळी सुरू केली, तर फुप्फुसाला सूज येण्याचा धोका वाढतो. म्हणून बायोप्सीच्या तुकड्यावरच्या चाचण्यांचे निकाल येईपर्यंत थांबायला सांगतात. तो वेळ वाया जात नसतो.

या मजकुरासोबत कधीकधी ‘सगळेच रुग्ण बरे झाले’ अशी एक बातमी जोडलेली येते. ती खरी आहे, पण औषध वेगळं आहे. जून २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग संस्थेने डोस्टार्लिमॅब या त्याच जातीच्या औषधाचा अनुभव प्रसिद्ध केला. गुदाशयाच्या कॅन्सरचे पहिले १२ रुग्ण, दर तीन आठवड्यांनी डोस, सहा महिने, आणि सगळ्यांच्या गाठी तपासणीत दिसेनाशा झाल्या. पुढे रुग्णांची संख्या वाढली तरी निकाल तसाच राहिला. मलाही ते वाचून थक्क व्हायला झालं होतं. पण या सगळ्यांच्या गाठींत एक खास दोष होता: पेशीची डीएनए दुरुस्त करणारी यंत्रणा बंद पडलेली. अशा गाठीत इतके बदल साचतात की शरीराचे पहारेकरी ती चटकन ओळखतात. गुदाशयाच्या कॅन्सरमध्ये हा दोष शंभरात पाच ते दहा जणांतच सापडतो. उरलेल्या नव्वदांना त्या बातमीच्या आधारावर आशा लावणं मला क्रूर वाटतं.

अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांचं उदाहरणही बरेचदा देतात. २०१५ मध्ये त्यांचा मेलानोमा (त्वचेचा एक कॅन्सर) यकृतात आणि मेंदूत पोचला होता, आणि वर्ष संपायच्या आत मेंदूतल्या खुणा गेल्या. ते शंभर वर्षांचे होऊन डिसेंबर २०२४ मध्ये वारले. पण त्यांच्या यकृताची शस्त्रक्रिया झाली होती आणि मेंदूला रेडिएशन दिलं होतं. पेम्ब्रोलिझुमॅब हे याच जातीचं औषध त्या उपचारांच्या जोडीला होतं.

“किमो विसरा.”

काहींना खरंच विसरता येते. पण फुप्फुसाच्या स्मॉल सेल प्रकारात हेच ॲटेझोलिझुमॅब कार्बोप्लॅटिन आणि इटोपोसाइड या किमोच्या सोबतच देतात, आणि मध्यक आयुष्य १०.३ महिन्यांवरून १२.३ वर जातं ते त्या जोडीने. किमो बंद करून इंजेक्शनची वाट बघत बसणाऱ्याचं नुकसानच होईल.

“साइड इफेक्ट शून्य, कारण इम्युनिटी वाढवतं.”

मजकुरातलं सर्वांत धोकादायक वाक्य हे. हे औषध इम्युनिटी ‘वाढवत’ नाही. आपल्या टी-पेशींवर (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींवर) पीडी-१ नावाचा एक ब्रेक असतो. तो तासुकू होंजो यांच्या क्योतोच्या प्रयोगशाळेत १९९२ मध्ये सापडला. दुसऱ्या एका ब्रेकवर, सीटीएलए-४ वर, जेम्स ॲलिसन यांनी काम केलं, आणि २०१८ चं नोबेल दोघांना मिळून मिळालं. गाठीतल्या पेशी आपल्या अंगावरच्या पीडी-एल१ या प्रथिनाने तो ब्रेक दाबून धरतात आणि टी-पेशी थंड पडते. ॲटेझोलिझुमॅब पीडी-एल१ ला चिकटून हे दाबणं थांबवतं.

आता हे ब्रेक शरीरात मुळात ठेवलेत कशाला? टी-पेशींनी आपल्याच अवयवांवर हात टाकू नये म्हणून. पहारेकऱ्याचे बांधलेले हात सोडले की तो चोराला धरतो, पण कधी घरच्या माणसालाही धरतो. त्यामुळे इथले दुष्परिणाम किमोपेक्षा वेगळे असतात. केस सहसा जात नाहीत, उलट्या कमी होतात, आणि लोकांना वाटतं काहीच होत नाहीये. मग कुणाचं थायरॉइड बंद पडतं, कुणाला आतड्याची सूज येऊन दिवसाला सात-आठ जुलाब होतात, कुणाच्या फुप्फुसाला किंवा यकृताला सूज येते. पिट्युटरी, ॲड्रिनल, स्वादुपिंड यांवरही घाला पडू शकतो. धडधाकट माणसाला अचानक इन्सुलिनवर जाण्याची वेळ येते, आणि ग्रंथींचं हे नुकसान बहुधा कायमचं असतं. हृदयाच्या स्नायूची सूज क्वचित होते, पण झाली तर जिवावर बेतते.

तुलना मात्र न्याय्य करू. वर सांगितलेल्या डोसेटॅक्सेलच्या चाचणीत औषधामुळे झालेले गंभीर दुष्परिणाम ॲटेझोलिझुमॅबवर १५ टक्के रुग्णांत दिसले, किमोवर ४३ टक्क्यांत. म्हणजे बऱ्याच जणांना हे औषध सोपं जातं. पण पंधरा म्हणजे शून्य नव्हे.

आणि हे त्रास कधीही येतात: तिसऱ्या आठवड्यात, सहाव्या महिन्यात, औषध थांबवल्यानंतरही. जुलाब लागले म्हणून रुग्ण जवळच्या दवाखान्यात जातो, तिथे ‘किमो चालू आहे’ एवढंच सांगतो, आणि त्याला जुलाब थांबवणारी गोळी मिळते. हवं असतं वेळेवर स्टेरॉइड. नवीन खोकला, धाप, छातीत दुखणं, खूप थकवा, फार तहान, पिवळे डोळे यांतलं काहीही झालं तरी ‘मी इम्युनोथेरपीवर आहे’ हे वाक्य तोंडी हवं. कातडीखाली टोचल्याने यातलं काही बदलत नाही. फक्त टोचल्या जागी लाली किंवा दुखणं वाढतं. ज्यांना संधिवात किंवा ल्युपससारखा आजार आहे, ज्यांच्यात दुसऱ्याचा अवयव बसवलेला आहे, जी बाई गरोदर आहे, त्यांनी हे पहिल्याच भेटीत सांगायला हवं. बसवलेला अवयव शरीराने नाकारण्याचा धोका या औषधांनी वाढतो.

“बनवायला नगण्य खर्च, विकतात सोन्याच्या भावाने.”

इथे मी मजकुराच्या अर्ध्या बाजूने आहे. ही औषधं गोळीसारखी साच्यातून निघत नाहीत. चिनी हॅमस्टरच्या अंडाशयातून घेतलेल्या पेशी मोठ्या टाक्यांत वाढवून त्यांच्याकडून प्रथिन बनवून घेतात, शुद्ध करतात आणि २ ते ८ अंश तापमानात सांभाळतात. तरीही विक्रीच्या किमतीत या खर्चाचा वाटा छोटाच असतो. किंमत ठरते ती पेटंटने आणि घेणाऱ्याच्या ऐपतीने. एकट्या पेम्ब्रोलिझुमॅबची २०२४ ची जागतिक विक्री सुमारे २९.५ अब्ज डॉलर होती. त्याचं अमेरिकेतलं मुख्य पेटंट २०२८ मध्ये संपतंय, आणि नेमकं त्याच्या तोंडावर, २०२५ मध्ये, त्याचंही कातडीखालचं रूप बाजारात आलं. नव्या रूपाला नवी पेटंटं. हा योगायोग आहे असं मला वाटत नाही.

म्हणूनच टोचण्याचं रूप आलं म्हणजे औषध स्वस्त झालं, हा समज सोडा. वाचतो तो खुर्चीचा आणि नर्सचा वेळ, रुग्णाचा हातावर सुई लावून बसण्याचा त्रास, ज्यांच्या शिरा सापडत नाहीत त्यांचं हाल होणं. ती सोय मोलाची आहे, पण औषधाच्या बिलातला मुख्य आकडा तिच्यामुळे उतरत नाही.

खर्च कमी करण्याच्या खऱ्या वाटा कमी गाजावाजाच्या आहेत. पेम्ब्रोलिझुमॅबला २०१४ मध्ये मंजुरी मिळाली ती किलोमागे २ मिलिग्रॅम या हिशोबाने. पुढे सर्वांना सरसकट २०० मिलिग्रॅमचा डोस ठरला. पन्नास किलोच्या माणसाला पहिल्या हिशोबाने १०० पुरतात. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये डोक्या-मानेच्या कॅन्सरवर नेहमीच्या तोंडी औषधांना निव्होलुमॅब या त्याच जातीच्या औषधाची जोड दिली, दर तीन आठवड्यांनी अवघी २० मिलिग्रॅम. एक वर्ष जगलेल्यांचं प्रमाण १६.३ वरून ४३.४ टक्क्यांवर गेलं. ही तुलना निव्होलुमॅब न देण्याशी होती, पूर्ण डोसशी नव्हती, म्हणून ‘थोडकं तेवढंच चालतं’ असा निष्कर्ष त्यातून काढता येत नाही. पण वाट दिसते. आता गंमत बघा: ॲटेझोलिझुमॅबची कातडीखालची कुपी सर्वांना एकच, १८७५ मिलिग्रॅमची, एकदाच वापरायची. वजनाप्रमाणे किंवा कमी मात्रेत देण्याची वाट तिथे जवळपास बंदच होते. सात मिनिटांच्या कौतुकात हा मुद्दा मी कुठे वाचलेला नाही.

“डॉक्टर हे सांगणार नाहीत.”

ज्या गोष्टीचं पत्रक सरकारी आरोग्यसेवेने स्वतः काढलं आणि जगभरच्या वर्तमानपत्रांनी मथळा केला, ती लपवली जातेय असं म्हणायला धाडस लागतं. त्या बाईंना मी एवढंच विचारलं, की बायोप्सीच्या तुकड्यावर पीडी-एल१ आणि डीएनए दुरुस्तीची चाचणी झाली का. त्यांनी विचारून सांगते म्हटलं.