‘तुमच्या घरात कोणी व्यसनी असता तर…’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

सर,

तुम्ही निवृत्त मुख्याध्यापक आहात असं लिहिलंय, म्हणून सरच म्हणतो. मागच्या लेखात मी म्हटलं होतं की नशा करणाऱ्याला गुन्हेगार ठरवणं थांबायला हवं. त्यावर तुम्ही तीन गोष्टी लिहिल्यात. कायदा सैल केला की उद्या शाळेसमोरच्या टपरीवर गांजा मिळेल, दारूचं काय झालं ते दिसतंच आहे. पोरं लांब राहतात ती वचकामुळे. गांजा ओढताना सापडलेल्या दहावीच्या एका मुलाला तुम्ही दाखला देऊन घरी पाठवलंत आणि पुन्हा शाळेत कोणाची हिंमत झाली नाही. आणि शेवटचं वाक्य, जे जिव्हारी लागलं: ‘तुमच्या घरात कोणी व्यसनी असता तर असं लिहिलं नसतं.’

होता, सर. माझा मामेभाऊ.

गिरणी संपानंतरची वर्षं. मामांची नोकरी गेलेली, लालबागच्या चाळीतली एक खोली, त्यात पाच माणसं. भाऊ गर्दच्या, म्हणजे ब्राउन शुगरच्या, हलक्या हेरॉइनच्या नादी लागला. पन्नीवर पावडर, खाली पेटती काडी, तोंडात नळी. आधी मामीच्या डब्यातले पैसे गेले, मग पितळेची भांडी, मग मामांचं घड्याळ. पुडी मिळाली नाही की टर्की सुरू व्हायची. नाकाडोळ्यांतून पाणी, उलट्या, हाडं कोणी पिळून काढतंय असं ओरडणं. मामी दार लावून घ्यायची आणि रेडिओचा आवाज वाढवायची. चाळीला सगळं ठाऊक होतं. तिला भीती होती ती पोलिसांची.

१९९१ मध्ये मी तिला म्हटलं, सरकारी दवाखान्यात नेऊ. तिने माझे हात धरले. म्हणाली, “नको रे. नाव लिहून घेतील, दहा वर्षं आत टाकतील त्याला.”

ती अडाणी होती, पण हे खोटं नव्हतं. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात तेव्हा गर्दसाठी पाव ग्रॅमची रेघ होती. तेवढी स्वतःसाठी बाळगली असं सिद्ध करता आलं तर फार तर एक वर्ष. त्यापुढे किमान दहा वर्षं, मग तो विकणारा असो की ओढणारा. प्रमाणानुसार शिक्षेच्या पायऱ्या २००१ च्या दुरुस्तीने आल्या. आणि याच कायद्यात १९८९ मध्ये ६४अ हे कलम घातलं गेलं होतं: सेवनाचा आरोप असलेला व्यसनी आपण होऊन सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचार घ्यायला तयार असेल तर त्या गुन्ह्याचा खटला नाही. म्हणजे मामी माझे हात धरत होती तेव्हा कायद्यात तिच्यासाठी एक दार उघडं होतं. ते तिला कोणी सांगितलं नाही. मला तरी कुठे ठाऊक होतं? पुण्यात १९८६ पासून अनिल आणि डॉ. अनिता अवचटांचं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र चालू होतं, तेही आमच्या कानावर उशिराच आलं. १९९३ मध्ये भाऊ काविळीने गेला. सव्वीस वर्षांचा होता.

म्हणून सांगतो, टपरीवर गांजा मिळावा असं मी म्हटलेलं नाही. दारूबद्दल तुम्ही लिहिलंत ते मला पूर्ण मान्य आहे. केंद्र सरकारसाठी एम्सने केलेली २०१९ ची पाहणी सांगते की देशात १४.६ टक्के लोक दारू पितात. भांग, गांजा, चरस मिळून २.८ टक्के. परवाना, जाहिरात, कर, दुकान हे सगळं उभं राहिलं की गिऱ्हाईक वाढवणं हाच कोणाचा तरी धंदा होतो. तो धंदा गांजाच्या, आणि त्याहून एमडीच्या (मेफेड्रोन, कारखान्यात बनणारी नशेची पावडर) बाबतीत सुरू व्हावा असं मला स्वप्नातही वाटत नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत पुणे जिल्ह्यातल्या कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात एमडीचा साठा सापडला. तो माल बनवणाऱ्यांवर कायद्याने सगळी ताकद लावावी. माझं म्हणणं एवढंच की त्या कारखानदाराला आणि माझ्या भावाला एकाच कायद्याच्या, एकाच पोलिसाच्या हाती देऊ नका.

पोर्तुगालने २००१ मध्ये हेच केलं. विकणं तिथे आजही गुन्हा आहे. पण स्वतःपुरता, साधारण दहा दिवस पुरेल इतका साठा सापडला तर माणूस कोर्टात न जाता एका छोट्या समितीपुढे जातो. तिथे कायद्याचा जाणकार असतो, तसेच आरोग्य किंवा समाजकार्यातले लोकही. सोबत त्यांनी उपचारांवर भरपूर पैसा घातला. सुई टोचून घेणाऱ्यांमधली एचआयव्हीची नवी लागण तिथे प्रचंड घटली.

तुमच्या बाजूचं उदाहरणही मीच देतो. अमेरिकेतल्या ओरेगन राज्याने २०२० मध्ये मतदान घेऊन थोडासा साठा बाळगणं गुन्ह्यातून काढलं. शंभर डॉलरचा दंड आणि एक फोन नंबर, फोन केला तर दंड माफ. फोन फारच थोड्यांनी केले. उपचार केंद्रांचे पैसे रखडले, त्याच काळात फेंटानिल, हेरॉइनहून कितीतरी जहाल नशा, रस्त्यावर आलं, आणि २०२४ मध्ये राज्याने पुन्हा तो गुन्हा केला. मागच्या लेखात हे मी लिहायला हवं होतं. पकडणं बंद केलं आणि हात धरायला कोणी ठेवलं नाही, तर माणूस रस्त्यावरच पडून राहतो. आपल्याकडे तालुक्याच्या गावी व्यसनमुक्तीची खाट कुठे मिळते? ही तयारी नसताना नुसतं कलम काढलं तर तुमची भीती खरी ठरेल, हे मी कबूल करतो.

आता वचकाबद्दल. वचक असतो, मी पाहिलाय. आमच्या घरात तो इतका होता की आजारी पोराला आई दवाखान्यात नेईना. गर्द विकणाऱ्याला मात्र तो कधी दिसला नाही. तो चाळीच्या तोंडाशी रोज संध्याकाळी उभा असायचा आणि भावाला नावाने हाक मारायचा.

तुमच्या शाळेत पुन्हा कोणी सापडलं नाही, यावर माझा विश्वास आहे. पण तुम्ही चाळीस वर्षं मुलांत काढलीत. सापडलं नाही म्हणजे ओढलं नाही असं तुम्हालाही खात्रीने वाटतं का? की ती शाळेच्या मागून नदीकाठी गेली आणि त्यातल्या एखाद्याला सोडायचं होतं तेव्हा सांगण्यासारखा एकही शिक्षक त्याला उरला नाही?

हे आरोप म्हणून लिहीत नाही. ऐंशी-नव्वदच्या दशकात बहुतेक शाळांनी तेच केलं असतं. पण तुमची प्रतिक्रिया वाचल्यापासून तो दाखला घेऊन घरी निघालेला मुलगा माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. त्याचं पुढे काय झालं, सर? दहावी झाली का त्याची? गावात कोणाला तरी माहीत असेल. कळलं तर मला जरूर लिहा.